मोटारीनं आलेला उपन्यास

माझे सासरे हयात असताना त्यांची शोकसभा आमच्या ओसरीवर झाली आणि ती मी भरवली. सभेला ते स्वतः हजर होते, अगदी मधोमध, तक्क्याला टेकून. नंतर त्यांचं म्हणणं पडलं, की भाषण चांगलं झालं, फक्त जरा लवकर आटोपलं.

हे सगळं झालं एका कादंबरीपायी. खरं सांगायचं तर कादंबरीपायी नाही, समोरच्या शारदाक्कापायी. आणि अगदीच खरं सांगायचं तर (आता सत्तरी उलटली, खोटं बोलून कुणाची धन करू?) माझ्या जळक्या स्वभावापायी!

लग्न होऊन गुलबर्ग्याकडच्या आळंदला आले तेव्हा आमच्या गल्लीत वाचता येणारी बाई मी एकटी. माहेर अक्कलकोटाकडचं, मराठी चौथी पास. चौथी म्हणजे गल्लीच्या हिशेबानं मी कलेक्टरच! दुपारी अप्पा, म्हणजे माझे सासरे, जेवून आडतीवर गेले की बाया आपापली सुपं घेऊन आमच्या ओसरीवर जमायच्या. त्या तुरीची डाळ निवडायच्या आणि मी मोठ्यानं वाचायची. आता यातली गंमत ऐका. वाचणारीनं सुपाला हात लावायचा नाही, असा गल्लीचा कायदा होता. माझ्या वाटणीची डाळ बाकीच्याजणी निवडून द्यायच्या. सासूबाई, ज्यांना सगळं घर अव्वा म्हणायचं, त्यांनासुद्धा काही बोलता यायचं नाही. एवढं राज्य निजामानं तरी भोगलं की नाही, देव जाणे!

पुस्तकं मात्र माझ्याकडे तीनच. एक पोथी, एक लोणच्या-पापडांचं, आणि एक कादंबरी. त्या कादंबरीची शेवटची वीस पानं माहेरीच उंदरांनी खाल्ली होती. मग शेवट मी माझ्या पदरचा सांगायची. कधी नायिका सुमती विहिरीत उडी घ्यायची, कधी क्षयानं जायची. त्या दिवशी अव्वांशी माझं वाजलेलं असलं तर सुमतीची सासू तिला विष घालायची. बाया डोळे पुसत डाळ निवडायच्या. तीन वर्षं मी तिला मारत होते आणि तीन वर्षं माझी डाळ फुकट निवडली जात होती.

आणि पोलीस ॲक्शन होऊन दोनेक वर्षं झाल्यावर समोरच्या घरात शारदाक्का राहायला आली. नवरा जिनिंगमध्ये कारकून. माहेर सोलापूर! तिच्या भावाला पुस्तकांचा नाद. दर महिन्याला सोलापूरच्या मोटारीनं तिला नवं कोरं पुस्तक यायचं. कव्हरावर रंगीत बाई, आत सगळी पानं, शेवटसुद्धा छापलेला!

तिच्या पाटल्यांचा मला हेवा वाटला नाही. तिच्या गोऱ्या रंगाचा वाटला नाही. (थोडा वाटला.) पण ते पुस्तक उघडताना ती पान नाकाशी नेऊन वास घ्यायची ना, तेव्हा माझ्या पोटात इंगळ्या डसायच्या.

तिचं पहिलं पुस्तक आल्यावर चौथ्या दिवशी काशव्वा, म्हणजे माझी सगळ्यात जुनी श्रोती, सूप काखेत मारून आमच्या दारावरून सरळ पुढं चालली.

"काशव्वा, कुठं जायलीस? इकडं ये की!"

"येते की. जरा शारदाक्काकडं जाऊन येते. त्या नर्सबाईच्या आठवणी वाचायलीय ती. मोठ्या डाक्तरानं नर्सबाईला चिठ्ठी दिलीय. काय लिवलंय ते आज कळणार हाय."

"आणि आपली सुमती?"

"तुमच्या सुमतीचं काय, ती रोजच मरायलीय!"

आठ दिवसांत ओसरी ओस पडली. शिवाय शारदाक्काकडे त्याच सुमतीच्या कादंबरीची अख्खी प्रत निघाली! तिनं खरा शेवट वाचून दाखवला. सुमती मरत नाही. ती मास्तरीण होते. दुसऱ्या दिवशी काशव्वा दारात येऊन उभी राहिली, हात कमरेवर.

"गिरिजाक्का, त्या पोरीनं तुमचं काय वाकडं केलं होतं? तीन वर्षं तिला कामून मारायलात?"

मी डाळ निवडत होते. स्वतःची, स्वतःच्या हातानं. अव्वा जोत्यावर बसून माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर किती वर्षांनी समाधान दिसत होतं.

सगळ्यात वाईट काय सांगू? ते नर्सबाईचं पुस्तक खरंच चांगलं होतं! मी माळवदावर पापड वाळवायच्या निमित्तानं चढायची आणि समोरून येणारा आवाज ऐकायची. (पावसाळ्यात पापड. अव्वांना वाटलं, मला लागीर झालं.) वारा उलटा असला की ऐन मोक्याचं वाक्य उडून जायचं. त्या चिठ्ठीत डाक्तरानं काय लिहिलं होतं, ते मला आठ दिवस कळेना. शेवटी मान खाली घालून गेलेच तिच्याकडे.

"शारदाक्का, तुमचं झालं की ते पुस्तक मला वाचायला द्या की."

ती गोड हसली. "वाचायला कशाला न्यायचं, गिरिजाबाई? ऐकायला या की! येताना सूप आणा."

ऐकायला! मी! सूप घेऊन! त्या दिवशी मी ठरवलं, की सोलापूरच्या तोंडात मारील अशी कादंबरी आणि नर्सबाईला रडवील अशा आठवणी आणीन, तरच नावाची गिरिजा.

पण आणायच्या कुठून? आळंदच्या बाजारात तूर मिळायची, गूळ मिळायचा, बैलाच्या गळ्यातल्या घुंगरमाळा मिळायच्या. "बाजारातनं काहीतरी नवीन वाचायला आणा" असं ह्यांना सांगितलं, तर त्यांनी पंचांग आणलं.

"अहो, हे काय?"

"नवीनच हाय की! यंदाचं! आणि पुढं काय होणार ते समदं लिवलंय त्यात. कादंबरीत आणिक काय असतंय?"

मग मला गुलबर्ग्याचे शिवशरणप्पा आठवले. ह्यांचे शाळासोबती, तिथल्या कुठल्याशा मंडळाचे चिटणीस. मागे एकदा जेवायला आले होते तेव्हा म्हणाले होते, "वैनी, मंडळाकडून काय पाहिजे ते कळवा, गावोगावी पाठवतो आम्ही." पंचाईत एवढीच, की त्यांचं शिक्षण कानडीत आणि उर्दूत, मराठी वाचताना ते अडखळायचे. मला कानडी बोलता यायचं, पण लिहिता येत नव्हतं. मध्ये उरली हिंदी! उर्दू जाऊन हिंदी आल्यावर गावात बायकांसाठी हिंदीचा वर्ग निघाला होता आणि पहिली परीक्षा मी नुकतीच पास झाले होते. शारदाक्काला हिंदी येत नव्हती. (आता कळलं ना, पत्र हिंदीत का गेलं ते!)

हिंदीच्या बाईंनी शिकवलं होतं, की कादंबरीला म्हणायचं उपन्यास आणि आठवणींना म्हणायचं संस्मरण. कसले भारदस्त शब्द! मी कार्ड घेतलं आणि कुणाला न विचारता, न दाखवता, पाटावर बसून लिहिलं:

"आदरणीय भाईसाहब को सादर प्रणाम. अप्पाजी के जाने के बाद दोपहर में हमारे घर सब स्त्रियाँ इकट्ठा बैठती थीं. परंतु अब घर सूना है, मन नहीं लगता. कृपया एक उपन्यास और एक संस्मरण तुरंत भेजिए. उपन्यास लंबा हो. संस्मरण ऐसा हो कि सुनकर सब स्त्रियाँ रो पड़ें. आठ दिन रखकर सकुशल लौटा देंगे."

एक चूक नाही! मी ते तीनदा वाचलं आणि स्वतःवरच खूश होऊन डब्यात टाकून आले.

आठवड्याभरात उत्तर आलं, कानडीत. मी एकेक अक्षर जुळवत बसले. "तुमचं पत्र वाचून फार दुःख झालं. धीर धरा. दोन्हीची व्यवस्था केली आहे. सोमवारी दुपारच्या मोटारीनं बरुत्तारे." बरुत्तारे म्हणजे येतील. आता कानडीत माणसं येणार असली तर 'बरुत्तारे' म्हणतात आणि वस्तू येणार असल्या तर 'बरुत्तवे'. एवढं आमच्या गल्लीतल्या शेळीलाही कळतं. मला वाटलं, गुलबर्ग्याची माणसं काय सुसंस्कृत! पुस्तकांनासुद्धा अहो-जाहो करतात! आणि आमच्याकडे वाचायला काही नाही म्हणून त्यांना दुःखही झालं! माझे डोळे भरून आले.

मग काय विचारता! मी घरोघरी फिरले. "सोमवारी दुपारी माझ्याकडं यायलेत. एक उपन्यास आणि एक संस्मरण. गुलबर्ग्याहून. खास."

"म्हंजे काय असतंय?" काशव्वानं विचारलं.

"ते आल्यावर कळंल." आणि समोर जाऊन शारदाक्कालाही सांगितलं, "ऐकायला या. येताना सूप आणा!" माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात गोड क्षण. नीट बघितलं तर एकुलता एक.

सोमवारी ओसरी गच्च भरली. माझं राज्य परत आलं! शारदाक्का शेवटच्या रांगेत, मांडीवर सूप. मी हातपाय धुऊन, जरीच्या काठाचं नेसून, वाचायला घसा साफ करून बसले. हे आडतीवर गेले होते, पण अप्पा म्हणाले, "मी न्हाई जात आज. सोलापूरवर कडी करायलीय म्हणं सून, बघू तर." सोमवारची पूजा झालेली, कपाळाला विभूतीचे पट्टे, अंगात पांढरं धोतर-बंडी. भिंतीला तक्क्या लावून मांडी घालून बसले आणि बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला.

इथे एक सांगायला हवं. आमच्यात, म्हणजे लिंगायतांत, मयताला निजवत नाहीत. विभूती लावून, भिंतीला टेकवून, बसवतात.

मोटारीच्या थांब्याकडून शिवशरणप्पा आले. डोळे सुजलेले, हातात हार. त्यांच्यामागे एक जाडजूड गृहस्थ, काळा कोट, काखेत भलामोठा गुंडाळलेला बिछाना. मी बिछान्याकडे बघून मनात म्हटलं, बाई गं, एवढा जाड उपन्यास!

दोघे दारात थबकले. समोर अप्पा बसलेले, डोळे मिटून, विभूती लावून. भोवती सगळ्या बाया, गप्प. (गप्प असणारच, कारण मी दटावलं होतं.) जाड गृहस्थ शिवशरणप्पांच्या कानाशी कानडीत कुजबुजले, "अजून माती दिली न्हाई का?" शिवशरणप्पांनी एकदम उपरणं तोंडाला लावलं, हुंदका दिला, पुढे येऊन अप्पांच्या गळ्यात हार घातला आणि त्यांच्या पायाशी डोकं टेकवून तसेच बसले.

अप्पांनी एक डोळा अर्धवट उघडला. गळ्यात हार दिसला. आपला सत्कार चाललाय हे ओळखून त्यांनी मोठ्या रुबाबात डोळा परत मिटला.

मला वाटलं, काय रीत आहे! पुस्तक द्यायच्या आधी घरातल्या वडीलधाऱ्याला हार!

जाड गृहस्थांनी घसा खाकरला. बोलताना डोळे घट्ट मिटून घ्यायची त्यांना सवय होती, आणि सगळा घोळ त्या सवयीनं केला. कानडीत ते असे काही सुरू झाले, की बायांच्या हातातली डाळ हातातच राहिली. "केवढा हा पुण्यात्मा! दारी आलेला याचक कधी विन्मुख गेला नाही. तोंडातून कधी कडू शब्द निघाला नाही. पत्नीला तर त्यांनी फुलासारखं जपलं."

अव्वा माझ्याकडे सरकल्या. "गिरजा, ह्यो कुणाबद्दल बोलायलाय?"

"अप्पांबद्दल असेल."

"छे! दुसरंच कुणीतरी हाय. फुलासारखं म्हणं!"

"गप बसा की गं," अप्पा डोळे न उघडता ओठांतून म्हणाले. "माझं चाललंय."

मागे शारदाक्कानं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. ते बघूनसुद्धा मला काही कळलं नाही. मी बिछान्यावर नजर लावून बसले होते. आता सोडतील, मग सोडतील!

"असे हे थोर शरण," गृहस्थांचा आवाज चढला, कंप पावला, "आपल्याला पोरकं करून लिंगैक्य झाले हो!"

लिंगैक्य झाले म्हणजे देवाघरी गेले, हे आमच्यात तान्ह्या पोरालाही कळतं.

"कोण?" अप्पांनी विचारलं.

गृहस्थांनी डोळे उघडले. समोरचं मयत त्यांच्याकडे रोखून बघत होतं. "अय्यो शिवने!" करून ते जे मागे उडाले, ते काशव्वाच्या सुपावर बसले. दोन पायली डाळ ओसरीभर! शिवशरणप्पांनी उपरणं खाली केलं, अप्पांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि परत उपरणं वर घेतलं.

"अरे, थांबलास कामून?" अप्पा ओरडले. "बोल की पुढं! फुलापर्यंत आलं होतं बघ!"

तेवढ्यात हे आले. कुणीतरी आडतीवर जाऊन सांगितलं होतं, की तुमच्या घरी शोकसभा चालली आहे. अनवाणी, डोक्याला टोपी नाही, "अप्पा! अप्पा!" करत हंबरडा फोडून दारात आले, तर अप्पा गळ्यात हार घालून उभे.

"आडत कुणावर सोडून आलास रे?"

हे तिथेच उंबऱ्यावर बसले.

मग शिवशरणप्पांनी खिशातून माझं कार्ड काढलं. मी ताठ मानेनं म्हणाले, "बरोबर आहे की! मी पुस्तकं मागवली होती. उपन्यास कुठाय?"

जाड गृहस्थ अंगावरची डाळ झटकत उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "अम्मा, उपन्यास मीच की!"

कानडीत उपन्यास म्हणजे व्याख्यान, हो! आणि ते द्यायला हे गृहस्थ आलेले. आणि संस्मरण म्हणजे गेलेल्या माणसाची स्मृतिसभा. त्यावर माझं ते 'अप्पाजी के जाने के बाद' आणि 'घर सूना है'! अहो, आडतीवर जाने के बाद! पण हे कोण लिहिणार? मी नाही लिहिलं.

ह्यांनी कार्ड दोनदा वाचलं. मग इतक्या हळू आवाजात बोलले, की ओरडले असते तर बरं झालं असतं. "अगं, मराठीत कादंबरी म्हणत्यात. कानडीतबी कादंबरीच म्हणत्यात. साधं 'कादंबरी' लिवलं असतंस तर आज हातात पुस्तक असतं. तुला हिंदी कुणी सांगितली होती?"

कुणी सांगितली होती! शेवटच्या रांगेत बसलेली, हसून हसून भिंतीला टेकलेली, तिनं!

अव्वांचं दुःख निराळंच. "फुलासारखं कवा जपलं म्हणं? मला तर कुणी सांगितलंच न्हाई," म्हणत त्या त्या फुलावरच अडून बसल्या होत्या.

उपन्यास मात्र परत जाईना. 'लंबा हो' आणि 'आठ दिन' मीच लिहिलं होतं ना! गृहस्थ बिछाना घेऊन तयारीनं आले होते आणि अप्पांना त्यांचा फार लळा लागला. आठ दिवस उपन्यास आमच्याकडे चालला. सकाळी चार भाकरी, संध्याकाळी पाच. दोन्ही जेवणांच्या मध्ये अप्पा त्यांच्यासमोर डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, "हां, त्या याचकापासून परत घ्या." नवव्या दिवशी मी त्यांना कबूल केल्याप्रमाणे सकुशल परत पाठवलं. भाकरी थापून थापून माझे तळवे लाल झाले होते.

एवढं झाल्यावर तरी गल्लीला माझी दया यावी! दहाव्या दिवशी दुपारी समोरच्या ओसरीवरून हसण्याचा असा कल्लोळ उठला, की माझ्या हातातलं सूप निसटलं. नर्सबाईत हसण्यासारखं काय आलं, म्हणून मी दाराआड जाऊन कान लावला. नर्सबाई मिटून बाजूला ठेवली होती. शारदाक्का तोंडी सांगत होती.

"आणि मग अप्पा म्हणतात, कोण?"

परत कल्लोळ! पलीकडच्या गल्लीतल्या बायासुद्धा आल्या होत्या. शारदाक्का उठून जाड गृहस्थांची उडी करून दाखवत होती, अव्वांचा आवाज काढत होती, आणि माझी ती ताठ मान! अगदी हुबेहूब! काशव्वा बाहेर आली ती डोळे पुसत.

"गिरिजाक्का, असली आठवण सोलापुरातबी मिळायची न्हाई!"

अख्ख्या आळंदमध्ये ऐकण्याजोगी नवी आठवण एकच, ती माझी, माझ्या घरात घडलेली, माझ्या मूर्खपणाची, आणि ती सांगतेय कोण? तीच! मी लगेच चार बाया गोळा करून ओसरीवर बसवल्या आणि स्वतः सांगायला लागले. काशव्वा मध्येच म्हणाली, "तसं न्हाई ओ, अप्पा आधी एक डोळा उघडतेत. शारदाक्का बरोबर सांगती." आणि सुपं उचलून चौघी समोर गेल्या.

आता अप्पा खरोखरच गेले, अव्वाही गेल्या. आम्ही दोघी समोरासमोरच म्हाताऱ्या झालो. इतकी वर्षं तिनं ती आठवण सुनांना सांगितली, नातींना सांगितली. गेल्या महिन्यात माझ्या डोक्यात आलं, की आपण हे लिहूनच काढावं. छापलेल्याला कोण तोंड देणार! आठ दिवस बसून ही पानं लिहिली आणि जाऊन तिच्यासमोर टाकली. तिनं चष्मा लावला. आधी पान नाकाशी नेऊन वास घेतला, मेलीनं! मग सगळं वाचलं.

"बरं लिहिलंयस, गिरिजा. शेवट तेवढा चुकलाय."

"काय चुकलाय?"

"असा लिहून नाही कळत. सांगावा लागतो. फाड ती शेवटची पानं, मी सांगते."

मी फाडली. एवढ्यात तिच्या सुना जमल्या, माझ्याही आल्या, आणि शारदाक्का सांगायला लागली. डाळ दोन्ही घरची होती. सूप माझ्या मांडीवर होतं.